दोन खळग्यांतलं पाणी

सुनेचं बाकी सगळं अक्कांनी एक वेळ पोटात घातलं असतं. तिचं मोजून मापून बोलणं, हसायचं तिथे नुसती मान हलवणं, फडताळातल्या डब्यांची तोंडं एकाच दिशेला करून ठेवणं. पण दर रविवारी ती बाब्याच्या जागेवर पाणी ओतते, हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

बाब्या म्हणजे अक्कांचा एकुलता एक. दोन मुलींचा बाप झाला, कानशिलं पिकायला लागली, तरी अक्कांच्या तोंडी आपला बाब्याच. तो जहाजावर इंजिनखोलीत मिस्त्री होता. महिनोन्‌महिने समुद्रात, मग थोडे दिवस घरी, की पुन्हा समुद्रात. आणि त्याची जागा म्हणजे मफिनच्या ट्रेमधले खालच्या ओळीतले कोपऱ्याचे दोन खळगे.

हे मफिनचं खूळ सुनेने घरात आणलं. त्याआधी थोरली नात शाळेतून डबा नेला तसा परत आणायची, आणि धाकटी, जिला सगळे ठमी म्हणत, ती भाजी वर्गातल्या कुंडीत पुरून यायची. कुंडीतलं रोप मेलं तेव्हा बाईंनी घरी बोलावणं पाठवलं. सून शाळेत जाऊन सगळं ऐकून आली, कुणाला एक शब्द बोलली नाही, आणि त्या रविवारी बाजारातून खळग्यांचा तो काळा ट्रे घेऊन आली. गाजर, कोबी, पालक किसून चिरून घ्यायचा, मीठ लावून फडक्यात घट्ट पिळायचा, कोंड्यासकट पीठ, दही, अंडी, तेल हातचं राखून, वर चीज डोळ्याला दिसेल इतकंच. भट्टीतून निघाले की आठवड्याचे डबे तयार. मुलींचे शाळेचे, सुनेचा चष्म्याच्या दुकानातला, अक्कांचा खालच्या शिलाईच्या दुकानातला.

अक्कांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं. केकात कोबी घालणारी ही जगात पहिलीच, म्हणाल्या. गोड नाही, झणझणीत नाही, मग याला खाणं म्हणायचं की औषध? पण खाली दुकानात त्यांच्या डब्यात चुरासुद्धा उरत नसे. शिंपीण एकदा म्हणाली, अक्का, मला एक तुकडा द्या की चवीला. तर अक्का म्हणाल्या, कशाला, काही खास नाही. आणि झाकण लावून टाकलं.

बाब्या घरी असला की ट्रे पूर्ण भरायचा. कोपऱ्याचे दोन त्याचे, कारण भट्टीचा तो कोपरा जरा जास्तच तापायचा आणि बाब्याला कडा कुरकुरीत लागायच्या. तो तिथेच उभ्याने, बोटं भाजून घेत, फुंकर मारत खायचा. तो जहाजावर गेला की सून पीठ तेवढं कमी भिजवायची आणि त्या दोन खळग्यांत अर्धं अर्धं पाणी ओतायची. अक्कांनी एकदा विचारलं होतं, हे काय? सून म्हणाली, रिकामे राहिले की तिथे ट्रे करपतो आणि शेजारचे एका बाजूने जळतात. झालं, संपलं. भट्टीतून ट्रे निघेपर्यंत पाणी आटून जायचं, मागे पांढरी कड उरायची. मग ती लिंबाच्या सालीने ते दोन खळगे घासत बसायची, मध्येच ट्रे उजेडाकडे धरून बघायची. दुकानात दिवसभर काचा घासून त्या अशाच उजेडाकडे धरायची सवय, ती इथेही. बाकीचा ट्रे साध्या पाण्याने विसळायची, पण त्या दोघांचे लाड.

"नवऱ्यावर पाणी सोडलंय तिनं," अक्का खाली शिंपिणीला म्हणाल्या.

शिंपीण वयाने त्यांच्याहून लहान, पण तोंडाने बरोबरीची. तिने तोंडातली टाचणी काढली आणि म्हणाली की तुमचा बाब्या तिकडे जहाजावर चांगला पोटभर हादडत असेल, दोन मफिनचं काय घेऊन बसलात. अक्कांनी शर्टाच्या बटणाला दोऱ्याचे चार वेढे जास्तच मारले. प्रश्न मफिनचा नव्हताच, हे या बयेला कोण सांगणार. माणूस लांब गेला की त्याच्या वस्तू हळूहळू सरकायला लागतात. आधी ताटाजवळची जागा जाते, मग खुंटी जाते, मग कपाटातला कप्पा. आणि तो एक दिवस आपल्याच घरी येतो, तेव्हा कुठे बसू, असं विचारतो. अक्कांना तो दिवस बघायचा नव्हता. त्यांनी त्याची खुंटी मोकळी ठेवली होती. त्याची ताटली रोज पुसून ठेवायच्या. एकट्या त्याच ठेवत होत्या, असं त्यांना वाटे.

महिनाअखेरीला तो यायचा होता. थोरलीने कॅलेंडरवर जहाज काढून ठेवलं होतं, धुराड्यातून धूर निघणारं. मग बुधवारी फोन आला. त्याच्या जागी येणारा माणूस आजारी पडला, दुसरा मिळेना, आता पुढच्या बंदरापर्यंत थांबावं लागणार, आणि पुढचं बंदर लांब होतं. सुनेने सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. "जेवलात?" म्हणाली. फोन ठेवला आणि गाजरं धुवायला घेतली. बुधवारी गाजरांचं काही काम नव्हतं. तरी धूत बसली.

अक्का न्हाणीघरात गेल्या, नळ पूर्ण सोडला, आणि बऱ्याच वेळाने डोळे लाल करून बाहेर आल्या. साबण गेला, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी खाली दुकानात सगळ्यांना कळलं की अक्कांची सून कोरडी आहे. साधी नव्हे, खडखडीत. पिळलेला कोबी बरा, त्याला तरी दमटपणा असतो.

आणि आणखी एक होतं. मटार.

बाजारात मटारांचे ढीग लागले होते. पोरी शेंगा फोडून कच्चेच खायच्या, ठमीच्या खिशातून सालं निघायची. मग मफिनमध्ये मटार का नकोत? अक्का म्हणाल्या, मी सोलून देते. सून म्हणाली, नको, आई. पुढच्या रविवारी अक्का पुन्हा म्हणाल्या. पुन्हा, नको, आई. कारण नाही, काही नाही. अक्का समजायचं ते समजल्या. माझा हात लागायला नको तिच्या मफिनला.

वास्तविक मटार म्हणजे बाब्याचा जीव की प्राण. लहान असताना ताटात काहीही वाढा, भाजी असो की भात, हा आधी मटार वेचणार. एकेक करून सगळे खाऊन टाकायचा, मग बाकीच्याला हात लावायचा. ते बघून अक्का आणखी एक पळी वाढायच्या. तेही संपवायचा. पोटात वेल उगवेल रे, म्हणायच्या, आणि मनातून सुखावायच्या. संध्याकाळी त्या परात घेऊन शेंगा सोलायला बसल्या की तो समोर येऊन बसे आणि शाळेतलं सगळं सांगत सुटे. कोणी कोणाला ढकललं, कोणाच्या दप्तरात बेडूक निघाला. शेंगा संपल्या तरी त्याचं संपायचं नाही. अलीकडे अक्का मटार घेऊन बसल्या की नजर आपसूक समोर जायची. समोर भिंत असायची आणि भिंतीवर वीज मोजायचं मीटर.

मग एका रविवारी सुनेला चष्म्याच्या दुकानात बोलावलं. वर्षातून एकदा सगळा माल तपासायचा, चष्म्यांच्या चौकटी, काचा, डब्या, तो दिवस. डब्यांचं कसं करायचं म्हणून ती दारात घोटाळली.

"जा तू," अक्का म्हणाल्या. "मी काय चूल बघितली नाही जन्मात?"

सून सांगून गेली की भाजी नीट पिळून घ्या, पीठ फार फेटू नका, जेमतेम मिसळलं की थांबा. जिन्यावरून परत वर येऊन म्हणाली, "आणि आई, कोपऱ्यात पाणी..."

"कळलं," अक्का म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

मग त्यांनी मटारांची पिशवी काढली. पोरींना बसवलं सोलायला. ठमीच्या हातातले निम्मे परातीत, निम्मे तोंडात. थोरली दोन शेंगा सोलून म्हणाली, "आजी, आई मटार घालत नाही."

"आई घालत नाही. आजी घालते."

थोरलीने ठमीकडे बघितलं, ठमीने थोरलीकडे. त्या दोघी याच घरात वाढलेल्या. आजीपुढे कधी गप्प बसायचं ते त्यांना बाराखडीच्या आधी कळलं होतं.

भाजी पिळायची अक्कांना पटेना. सत्त्व सगळं त्या पाण्यात, ते मोरीत ओतायचं आणि चोथा मुलांना घालायचा, हे कुठलं आरोग्य? नाही पिळली. पिठात गुठळ्या दिसल्या. गुठळ्या म्हणजे आळशी बाईची खूण. खांदा दुखेपर्यंत घोटलं. मग एकेक खळगा भरला, आणि कोपऱ्याच्या दोघांत पिठाहून मटार जास्त, काठोकाठ. पाण्याचा थेंब नाही.

भट्टीच्या काचेसमोर त्यांनी स्टूल ओढलं आणि बसून राहिल्या. हळूहळू मफिन वर यायला लागले. चीज पसरलं, कडा तांबूस झाल्या, आणि घरात तो वास भरला जो बाब्या घरी असताना असायचा, कोपरा जरा जास्त भाजल्याचा. इतके महिने तो वास आला नव्हता, हे त्यांना आत्ता कळलं. त्या काचेत बघत राहिल्या, जसं कोणी दारात उभं राहून गल्लीच्या टोकाकडे बघतं.

मग मफिन बसले. मधोमध सगळ्यांना खड्डे पडले. बाहेर काढले तर बुडाला ओलगच्च आणि वरून असे की शिंपिणीला कापड दाबायला द्यावेत. ठमीने एक टेबलावर आपटून बघितला आणि आवाज ऐकून खूश झाली. फक्त कोपऱ्याचे दोघं, जास्त आचेमुळे असेल, ताठ उभे होते. अक्कांनी त्याचा अर्थ लगेच लावला. बाब्याची ताटली काढली, ते दोन तिच्यात ठेवले, आणि ताटली टेबलावर त्याच्या जागी, भिंतीकडेला ठेवली.

सून संध्याकाळी आली. नाकावर चष्म्याच्या खुणा, डोळे तांबारलेले. तिने ट्रे बघितला. खचलेले मफिन बघितले. भिंतीकडची ताटली बघितली, आणि तिच्यावर जरा जास्त वेळ थांबली. हात धुवायला गेली.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर बाब्याचा चेहरा, तुकड्या-तुकड्यांत हलणारा, मागे नळ्याच नळ्या. अक्कांनी फोन उचलला तो उचललाच. गुडघे, शिंपीण, थोरलीचे मार्क, खालच्या नळाची गळती, सगळं सांगून झालं. सून ओले हात पुसून, दुकानातला कोट काढून, कानामागे केस सारून दारात उभी राहिली होती. अक्कांनी ताटली उचलून फोनसमोर धरली.

"हे बघ. तुझे दोन. तुझ्या कोपऱ्यातले."

बाब्या जवळ आला, डोळे बारीक करून बघितलं. "वा. मटार वाटतं, आई?"

"मग! भरपूर घातलेत."

तो हसला. लहानपणी ताटावर मान खाली घालून हसायचा तसा. "ठेव माझ्यासाठी," म्हणाला. "आल्या आल्या आधी तेच खाईन बघ."

अक्कांनी ताटली फोनच्या आणखी जवळ धरली. त्या आणखी काही सांगणार तोच त्याचं तोंड उघडं राहून चित्र थिजलं, आणि फोन बंद पडला. पुन्हा लावला, लागला नाही. पुन्हा लावला. जहाज पुढे गेलं असणार.

सून दारातच होती. "असू दे," म्हणाली. "तुमचं बोलणं झालं ना. पुरे." आणि कोट उचलून नीट घडी घालायला लागली.

ठमी ताटलीकडे बघत होती. "आई, बाबा खरंच खाणार ते? तू तर म्हणतेस बाबांना मटार..."

थोरलीने तिला चिमटा काढला. पण शब्द बाहेर पडून चुकला होता.

"काय म्हणते तुझी आई?" अक्कांनी विचारलं.

सून म्हणाली की लहान आहे, काहीतरी बोलते. अक्का म्हणाल्या की लहान आहे म्हणूनच खरं बोलते, तू सांग. सुनेने पोरींना आत पाठवलं. कोटाची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"त्यांना मटार आवडत नाहीत, आई. कधीच नाही."

"माझ्या डोळ्यांसमोर आधी मटार खायचा तो."

"आधीच खातात. नावडतं आधी संपवून टाकायचं, म्हणजे बाकीचं सुखाने जेवता येतं. अजूनही तसंच करतात." तिने कोटाची बाही सरळ केली. "त्यांनी संपवलं की तुम्ही परत वाढायचात."

अक्का स्टुलावर बसल्या. एवढी वर्षं वाढलेल्या सगळ्या पळ्या त्यांच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेल्या, आणि प्रत्येक पळीमागे तो मान खाली घातलेला, हसणारा.

"मग बोलला का नाही मेला?" शेवटी म्हणाल्या. "बाजारात गेले की स्वतः म्हणायचा, आई, मटार आण."

"शेंगा सोलायला बसलात की तुम्ही एका जागी बसायचात," सून म्हणाली. "एरवी तुमचे हात रिकामे नसायचे. तेवढाच वेळ तुम्ही त्यांचं सगळं ऐकून घ्यायचात, असं म्हणतात ते. मला लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. आईला कळू देऊ नकोस, म्हणाले."

बाहेर कोणीतरी जिना चढून गेलं. अक्कांनी समोर बघितलं. भिंत, मीटर. त्यांनी नजर काढून घेतली.

"बरं, मग तू का नाही घालत?" त्यांचा आवाज पुन्हा वर आला, पण त्यात आता जोर नव्हता. "तो तर इथे नाही. पोरी जीव टाकतात मटारांवर."

सून ट्रेजवळ गेली. खचलेले मफिन सुरीने सोडवून एकेक बाहेर काढायला लागली.

"एकदा घालायला लागले की सवय होईल, आई. मुलींना, मलाही. मग ते आले की बंद करायचे, मग गेले की सुरू करायचे." तिने सुरी खाली ठेवली. "ते असताना घर जे खातं, तेच खाऊ दे ना. म्हणजे ते आले की नुसतं पीठ थोडं जास्त भिजवायचं. दुसरं काही हलवायला नको."

एवढं बोलणं तिने लग्न होऊन या घरात आल्यापासून एका दमात केलं नव्हतं. ट्रे रिकामा झाला होता. खिडकीतल्या बशीत लिंबाची साल होती, ती तिने उचलली आणि कोपऱ्याचे दोन खळगे घासायला लागली. आज त्यांत पाणी नव्हतं, पांढरी कडही नव्हती. तरी ती घासत राहिली, ट्रे उजेडाकडे धरून बघत राहिली.

अक्कांनी ताटलीतला एक मफिन उचलला, मोडला, निम्मा सुनेपुढे ठेवला. दोघींनी खाल्ला. चावायला वेळ लागला.

"कडक झालेत," सून म्हणाली.

"दगड झालेत," अक्का म्हणाल्या. "माहीत आहे मला."

त्यांनी राहिलेला दुसरा मफिन झाकून ठेवला नाही. उचलला, पोरींच्या खोलीत नेऊन दिला, आणि बाब्याची ताटली धुऊन, पुसून जागेवर ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकत परत स्टुलावर बसल्या आणि घसा साफ केला.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "तू कोरडी आहेस, असं मी खाली सगळ्या दुकानाला सांगून बसले आहे. आता या वयात एकेकीकडे जाऊन शब्द परत गोळा करायला माझे गुडघे चालत नाहीत. तेव्हा तू कोरडीच. पुढच्या रविवारपासून भाजी तू पिळ, पाणी मी ओतेन. पोरींना मटार खायचे तर खाली दुकानात बसून खातील, वर आणायचे नाहीत. आणि फोन वाजला की आधी तू घ्यायचास. मला एकदा बोलायला लागलं की भान राहत नाही."